सदऱ्यावरची पांढरी रेघ

मे महिन्यातली दुपार. सावनेरच्या बसस्थानकावर नागपूरहून आलेली गाडी थांबते आणि माणसे उतरतात. डोक्याला दुपट्टा, डोळे बारीक केलेले, हातात पाण्याची बाटली. त्यांतल्या एखाद्याच्या पाठीकडे नीट पाहा. सदरा गडद रंगाचा असेल, तर त्यावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा उमटलेल्या दिसतील. नकाशात समुद्राचा किनारा काढावा तशा. अशा रेघा तुमच्या स्वतःच्या सदऱ्यावरही उमटल्या असतील. पुढच्या वेळी सदरा धुवायला टाकण्यापूर्वी त्या रेघेला जिभेचे टोक लावून पाहा. शक्यतो आई पाहत नसताना! चव खारट लागेल.

ते मीठच आहे. घामातले पाणी उन्हाने उडून गेले आणि मीठ कापडावर राहिले. पण घामात तरी ते आले कोठून? घाम रक्ताच्या पाण्यापासून बनतो. म्हणजे सदऱ्यावरची ती रेघ सकाळपर्यंत तुमच्या रक्तात फिरत होती.

आता एक कोडे सांगतो. सावनेर तालुका संत्र्यांचा, तसाच कोळशाचाही. वलनी, सिल्लेवाडा, पाटणसावंगी ही नावे खाणींमुळे दूरवर पोहोचली. अशाच खाणींची, पण इंग्लंडमधली, ही गोष्ट आहे. तेथल्या काही खाणी इतक्या खोल होत्या की तळाशी हवा भट्टीसारखी तापलेली असे. कामगार उघड्या अंगाने कोळसा फोडत, घामाने निथळत आणि तहान लागली की पोटभर पाणी पीत. तरीही त्यांना हातापायांत आणि पोटात पेटके येत. पेटके असे की भक्कम शरीराचा माणूस जमिनीवर गडबडा लोळे. पाणी कमी पडले म्हणावे, तर पाणी भरपूर प्यायलेले. उलट जास्त पाणी पिणाऱ्यांनाच त्रास अधिक! के. नेव्हिल मॉस या संशोधकाने १९२३ साली या कोड्याचा अभ्यास केला आणि उपाय सुचवला: पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घाला. पेटके थांबले.

भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाला पाणी कमी पडल्यासारखा त्रास का व्हावा? याचे उत्तर शोधायला आपल्याला शरीराच्या आत जावे लागेल.

तुमचे वजन ४० किलोग्रॅम आहे असे धरू या. त्यांतले सुमारे २४ किलोग्रॅम, म्हणजे २४ लिटर, नुसते पाणी आहे! दीड बादलीभर पाणी घेऊन तुम्ही रोज शाळेत जाता. हे पाणी एका टाकीत साठवलेले नाही. त्याचे दोन वाटे आहेत. सुमारे १६ लिटर पाणी अब्जावधी पेशींच्या आत आहे. उरलेले ८ लिटर पेशींच्या बाहेर आहे: बहुतेक पेशींच्या आजूबाजूच्या फटींत आणि सुमारे २ लिटर रक्तात. रक्तातले पाणी एवढेच, पण हृदय ज्याच्या जोरावर रक्त मेंदूपर्यंत पोहोचवते ते हेच.

दोन्ही वाट्यांतले पाणी खारट आहे, पण खारटपणाची जात वेगळी आहे. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे विजेचा भार असलेले सूक्ष्म कण होतात. या कणांना आयन म्हणतात. ज्या पदार्थांपासून असे आयन मिळतात, त्यांना विद्युत् अपघटनी पदार्थ किंवा डॉक्टरांच्या बोलण्यात इलेक्ट्रोलाइट असे नाव आहे. पेशीबाहेरच्या पाण्यात मुख्यतः सोडियम असते, तर पेशीच्या आतल्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम. रक्तात पोटॅशियमच्या मानाने सोडियमचे आयन सुमारे तीस पटींनी अधिक असतात. पेशीच्या आत हे गणित बरोबर उलटे होते.

ही मांडणी आपोआप टिकत नाही. पेशीचे आवरण थोडे गळके असते; सोडियम आत शिरत राहते, पोटॅशियम बाहेर झिरपत राहते. म्हणून प्रत्येक पेशीच्या आवरणात अगणित सूक्ष्म पंप बसवलेले आहेत. पंप एका फेरीत सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना शोधला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ साली, त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तुम्ही खाटेवर स्वस्थ पडून असता तेव्हाही शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा पाचवा हिस्सा तरी या पंपांवर खर्ची पडतो. एवढा खर्च कशासाठी? मज्जातंतूतून संदेश जातो आणि स्नायू आकुंचन पावतो, तो याच आत-बाहेरच्या फरकाच्या बळावर. फरक बिघडला की स्नायूही बिघडले.

आता स्वयंपाकघरात चला. बटाट्याच्या बोटाएवढ्या दोन सारख्या फोडी कापा. एक साध्या पाण्याच्या पेल्यात टाका. दुसऱ्या पेल्यात पाणी घेऊन दोन चमचे मीठ विरघळवा आणि दुसरी फोड त्यात टाका. दोन-तीन तासांनी दोन्ही बाहेर काढून वाकवून पाहा. साध्या पाण्यातली फोड ताठ असेल, वाकवली तर कट्‌कन मोडेल. मिठाच्या पाण्यातली मात्र लुळी पडलेली असेल. तिच्या पेशींमधले पाणी बाहेर निघून गेले. लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, तोच हा प्रकार. पाणी कमी खारट बाजूकडून अधिक खारट बाजूकडे जाते. याला परासरण म्हणतात.

तुमच्या पेशी काही बटाट्याच्या नाहीत, पण हा नियम त्यांनाही लागू आहे. बाहेरचे पाणी फार खारट झाले, तर पेशी आक्रसतील. फार फिके झाले, तर पेशी फुगतील. हाताच्या स्नायूला थोडे फुगायला जागा तरी असते. मेंदू मात्र कवटीच्या पेटीत बंद असतो. तो फुगला तर जाणार कोठे? म्हणून शरीर पाण्याच्या खारटपणावर अतिशय कडक पहारा ठेवते. किती कडक? खारटपणा एक-दोन टक्क्यांनी बदलला तरी यंत्रणा कामाला लागते. भाजीत एवढा फरक झाला, तर आपल्या जिभेला कळणारसुद्धा नाही.

या पहारेकऱ्याचा मुक्काम मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात आहे. केंब्रिजच्या अर्नेस्ट व्हर्नी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९४७ साली त्याचा पुरावा मांडला. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात थोडे खारट पाणी सोडले की कुत्र्याची लघवी कमी होई. म्हणजे मेंदूला खारटपणा कळत होता आणि तो मूत्रपिंडांना हुकूम पाठवत होता. हा हुकूम म्हणजे व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक. रक्त खारट झाले की ते पीयूषिका ग्रंथीतून रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना सांगते, ‘पाणी सोडू नका.’ त्याच वेळी आपल्याला तहान लागते. रक्त फिके झाले की हुकूम बंद होतो, तहान भागते आणि मूत्रपिंडे जास्तीचे पाणी सोडून देतात.

मूत्रपिंडांची कामगिरीही ऐकण्यासारखी आहे. मोठ्या माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यांतले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे परत रक्तात घेतात. कंजूष व्हायचे ठरवले, तर दिवसाला अर्ध्या लिटर लघवीत भागवतात. उन्हाळ्यात लघवी थोडी आणि गडद पिवळी होते, ती यामुळेच.

हिशेब मांडू या

आता सावनेरच्या शेतात या. पावसाळ्यापूर्वी वखरणी उरकायची आहे. नवतपा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले आहेत. नागपूरच्या वेधशाळेने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदवले होते. तेवढे नको, ४४ अंश धरा. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास. म्हणजे भोवतालची हवाच शरीराहून गरम. अशा हवेत अंग थंड ठेवण्याचा शरीराकडे एकच मार्ग उरतो: घाम. एक लिटर घाम अंगावर सुकला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मुंबईत घाम सुकत नाही, नुसता गळतो. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून घाम आल्याआल्या उडून जातो. विदर्भातला उन्हाळा निभावता येतो तो यामुळे. पण यात एक धोकाही आहे. घाम दिसतच नाही! ‘मला काही घाम येत नाही बुवा’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर रेघ मात्र उमटते.

आपला शेतकरी ६० किलोग्रॅम वजनाचा आहे. त्याच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी: २४ पेशींत, १२ बाहेर. बाहेरच्या १२ लिटरमधल्या सोडियमचा मिठाच्या भाषेत हिशेब केला, तर ते सुमारे १०० ग्रॅम मिठाएवढे भरते. सकाळच्या चार तासांत त्याला ३ लिटर घाम आला. दर लिटर घामात सुमारे ३ ग्रॅम मीठ धरले, तर ९ ग्रॅम मीठ गेले. मुठीत सहज मावेल एवढे. पण बाहेरच्या साठ्याचा जवळजवळ अकरावा भाग!

त्याने घाईत न्याहारी केली नव्हती. तो झाडाखाली बसला आणि माठातले ३ लिटर पाणी हळूहळू प्यायला. गेले तेवढे पाणी परत आले, हिशेब मिटला असे वाटेल. पण मीठ परत आलेले नाही. तेवढ्याच पाण्यात आता मीठ कमी आहे. ३६ लिटरवर हिशेब केला, तर त्याच्या शरीरातल्या पाण्याचा खारटपणा सुमारे ३ टक्क्यांनी उतरला. पहारेकऱ्याला हे लगेच कळते. तो म्हणतो, ‘पाणी फार झाले, सोडून द्या.’ व्हॅसोप्रेसिनचा हुकूम थांबतो आणि मूत्रपिंडे सुमारे एक लिटर पाणी बाहेर टाकतात. खारटपणा पुन्हा जागेवर येतो. पण आता माणसाकडे एक लिटर पाणी कमी आहे आणि ते कमी झाले आहे पेशींच्या बाहेरच्या वाट्यातून, ज्यातून रक्ताचे पाणी येते. त्याला तहान लागलेली नाही. लघवी स्वच्छ आहे. तरी उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते.

येथे आपल्या कोड्याची गाठ सुटू लागते. शरीर पाणी किती आहे हे आधी मोजत नाही; ते पाणी किती खारट आहे हे आधी पाहते. मीठ नसेल, तर पाणी टिकत नाही. प्यायलेले पाणी शरीरात धरून ठेवायला मिठाचा खुंटा लागतो.

ही गोष्ट रॉबर्ट मॅकॅन्स या इंग्रज डॉक्टरांनी १९३० नंतरच्या दशकात फार धीराने सिद्ध केली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात त्यांनी काही निरोगी स्वयंसेवक तयार केले. त्यांना मीठ काढून टाकलेले अन्न द्यायचे, पाणी हवे तेवढे, आणि रोज गरम दिव्यांच्या पेटीखाली निजवून घाम काढायचा. घामाचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून रबरी चादर अंथरलेली. अंग धुतलेले पाणीसुद्धा तपासणीसाठी ठेवायचे. पहिल्या काही दिवसांत त्यांचे वजन भराभर उतरले, कारण मिठाबरोबर शरीर पाणीही टाकत होते. लघवीतले मीठ जवळजवळ शून्यावर आले. मूत्रपिंडांनी तिजोरीचे दार बंद केले होते. त्यापुढे मात्र वजन उतरायचे मंदावले आणि रक्तच फिके होऊ लागले. म्हणजे शरीराने पहारा सैल केला. आणखी पाणी टाकले असते, तर रक्त पुरले नसते. रक्त आटण्यापेक्षा ते फिके झालेले बरे, असा निवाडा शरीराने केला! स्वयंसेवकांना थकवा आला, पेटके आले, अन्नाची चव गेली. आणि शेवटी मीठ खाल्ल्यावर सगळे थोड्याच वेळात ताळ्यावर आले. स्वतःच्या अंगावर असले प्रयोग करून घेणाऱ्या माणसांबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. पण तुम्ही हा प्रयोग करायचा नाही.

खाणीतले कामगार मॅकॅन्स यांच्या स्वयंसेवकांच्या वाटेवरच होते. मीठ घामावाटे जात होते, साधे पाणी आत येत होते आणि स्नायूंच्या भोवतीचे पाणी फिके होत होते. मात्र एक सांगून ठेवतो: प्रत्येक पेटका मिठाच्या उणिवेचाच असतो असे नाही. फार दमलेल्या स्नायूलाही पेटका येतो. रात्री झोपेत पोटरीत गोळा आला, म्हणून मिठाच्या बरणीकडे धावू नका.

नवखा आणि सरावलेला

उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याहून तुमचा मावसभाऊ येतो. पहिल्या दोन दिवसांत तो आडवा होतो आणि तुम्ही मात्र भर दुपारी क्रिकेट खेळता. तुम्ही त्याला हसता. पण पंधरा दिवस थांबा, तोही तुमच्याबरोबर खेळू लागेल. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आहेत. मीठ कमी पडू लागले की त्या अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक जास्त सोडतात. ते मूत्रपिंडांना मीठ राखायला सांगते आणि घामाच्या ग्रंथींनाही तेच सांगते. घामग्रंथीच्या नळीतून घाम वर येता येता त्यातले सोडियम परत आत ओढले जाते. आठ-पंधरा दिवस उन्हात वावरल्यावर घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, पण तो कमी खारट असतो. पहिल्या दिवशी लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ गमावणारा माणूस पुढे एक ग्रॅमवर भागवू शकतो. सदऱ्यावरची रेघही फिकट होते.

म्हणून उन्हाळ्याचे पहिले तडाखे अधिक वाईट. मार्च-एप्रिलमध्ये एकाएकी पारा चढला की शरीर अजून तयार नसते. वर्षभर कूलरच्या किंवा पंख्याच्या वाऱ्यात बसून एकदम लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्यांचे तसेच. संत्र्याच्या बागेला आंबिया बहारासाठी पाणी तोडून ताण देतात आणि झाड नंतर फुलून येते. माणसाला असा ताण देऊन काही फुलत नाही. वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, तरी काम मंदावते आणि लक्ष लागेनासे होते. ४० किलोग्रॅमच्या मुलाचे दोन टक्के म्हणजे फक्त ८०० ग्रॅम!

साखरेचा हात धरून

आतापर्यंत आपण घामाबद्दल बोललो. पण पाणी आणि मीठ याहूनही वेगाने जाण्याचा एक मार्ग आहे: जुलाब. पटकीच्या रोग्याचे काही तासांत कित्येक लिटर खारट पाणी जाऊ शकते. त्याला पाणी पाजले तर राहत नाही. मीठ घालून पाजले तरी आतडे ते पुरेसे घेत नाही. मग शिरेतून सलाइन देणे एवढाच उपाय उरे.

१९६० साली प्राग येथील एका सभेत रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. लहान आतड्याच्या पेशींत असे एक दार आहे की ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरूनच आत जातात. साखर आली की मीठ जाते, मीठ गेले की परासरणाने पाणी मागोमाग जाते. पटकीत इतर वाटा बिघडल्या, तरी हे दार चालू राहते. पुढच्या काही वर्षांत ढाका आणि कलकत्ता येथे रोग्यांवर हे पडताळून पाहिले गेले.

आणि मग १९७१ साल आले. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये शिरले. सीमेवरच्या बनगावच्या इस्पितळात पटकीचे रोगी जमिनीवर ओळीने पडलेले. सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी निर्णय घेतला. पिंपांत पाणी घेऊन दर लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण कालवायचे आणि रोग्यांना नातेवाइकांकरवी पाजायचे. आई, भाऊ, शेजारी, जो असेल तो पाजणारा. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू शेकडा ३.६ पर्यंत खाली आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने १९७८ साली लिहिले की साखर आणि मीठ एकत्र शोषले जातात हा शोध कदाचित या शतकातला वैद्यकातला सर्वांत महत्त्वाचा शोध ठरेल. डॉ. महालनबिस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आज औषधाच्या दुकानात आणि सरकारी दवाखान्यात जी ओआरएसची पुडी मिळते, तिचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारले: एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. पोटॅशियम कशाला, हे आता तुम्हीच सांगाल: जुलाबांत तेही बरेच जाते. पुडी हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा, ५ मिलिलिटरचा. ‘थोडे जास्त घातले तर जास्त गुण येईल’ असे करू नका. साखर किंवा मीठ फार झाले, तर परासरण उलटे वळते आणि आतड्यातच पाणी ओढले जाते.

आता कैरीच्या पन्ह्याकडे पाहा. मीठ आहे, गूळ आहे, पाणी आहे. आपल्या आज्यांना परासरण हा शब्द ठाऊक नव्हता, पण पन्हे ठाऊक होते! मात्र पन्हे म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात गूळ सढळ हाताने पडतो. उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाला ते उत्तम, जुलाब झालेल्या बाळाला पुडीच द्यावी. मीठ घातलेले ताकही उन्हाळ्यात चांगले. संत्र्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम जवळजवळ नाही. तेव्हा घामातले मीठ ते भरून काढणार नाही. शिवाय मृगाचा बहार मार्चपर्यंत उतरलेला असतो, म्हणजे मे महिन्यात सावनेरच्या बागेतही संत्री कुठली? खिशातल्या कांद्याबद्दल विचाराल, तर खिशात राहून तो काय करतो हे मला अजून समजलेले नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर ताटात असेल, तर माझी काही हरकत नाही.

आणि ती भाकर महत्त्वाची आहे. दोन वेळ जेवणाऱ्या माणसाला वरण, भाजी, ठेचा, लोणचे यांतून पुरेसे मीठ मिळते; बहुतेकांना तर गरजेपेक्षा जास्तच. म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलाने मिठाच्या गोळ्या घेण्याचे कारण नाही आणि रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय खारट पाणी पाजू नका. अडचण होते ती उपाशीपोटी तासन्‌तास घाम गाळणाऱ्याची. आपल्या शेतकऱ्याने शिदोरी आधी सोडली असती, तर माठातले पाणी त्याच्या अंगी लागले असते.

एक प्रसंग मात्र मीठ-पाण्याच्या पलीकडचा आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात आहे. शरीराची थंड राहण्याची यंत्रणाच कोलमडली आहे. अशा वेळी शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. सावलीत आणा, अंगावरचे कपडे सैल करा, गार पाणी अंगावर ओतत राहा, वारा घाला आणि कोणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवायला सांगा. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवायचे नाही.

तराजूचा एक सोपा प्रयोग मात्र तुम्ही करू शकता. खेळायला जाण्यापूर्वी आणि आल्यावर, घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. मध्ये प्यायलेल्या पाण्याचे वजन हिशेबात धरा. जेवढे ग्रॅम उतरले तेवढे मिलिलिटर पाणी गेले. असे पंधरा दिवस लिहून ठेवा आणि शेजारी सदऱ्यावरच्या रेघेचीही नोंद करा: ठळक, फिकट की नाहीच. वहीच्या शेवटच्या पानांवर, जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाऊस आल्यावर तुम्हाला एक विचित्र गोष्ट आढळेल. वजन उतरतच राहील, पण रेघ गायब झालेली असेल. हवा दमट झाली, घाम सुकेनासा झाला. मीठ आता कापडावर उमटत नाही; ते ओल्या सदऱ्यातच राहते आणि धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते.